बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी जनुकं

झाशीच्या सीपरी बाजारात काय किंवा परभणीच्या बाजारपेठेत काय, औषधाच्या दुकानासमोर थोडा वेळ थांबलं की एक मागणी हमखास कानावर पडते. सीपरी बाजारात ती हिंदीतून येते एवढंच: ‘भैया, गला ख़राब है, अज़िथ्रो दे दो.’ काउंटरवर तीन गोळ्यांची पट्टी येते. दुकानदार सज्जन असेल तर बजावतो, ‘कोर्स पूरा करना, बीच में मत छोड़ना.’ गिऱ्हाईक मान डोलावतं. चिठ्ठी नसली तरी नियम पाळला गेला, असं दोघांनाही मनापासून वाटतं.

घसा बहुतेक वेळा विषाणूमुळे धरलेला असतो आणि विषाणूंवर अ‍ॅझिथ्रोमायसिन चालत नाही. हे आता पुष्कळांना माहीत झालं आहे. तरी ‘घेतली तर घेतली, नुकसान काय?’ हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर घशात नसून आतड्यात आहे. माणसाच्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू राहतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. गोळी गिळली की औषध त्यांच्यापर्यंतही पोचतं. जे सोसू शकत नाहीत ते मरतात आणि त्यांची जागा सोसणारे घेतात. सोसणारे जिवाणू रोगकारक असायलाच हवेत असं नाही. उलट बहुतेक वेळा ते निरुपद्रवीच असतात. अडचण इथेच सुरू होते, कारण औषध पचवायची हातोटी हे जिवाणू स्वतःपुरती ठेवत नाहीत.

‘कोर्स पूर्ण करा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तो एका विशिष्ट प्रकारच्या शत्रूसाठी घडलेला आहे. दुसऱ्या प्रकारच्या शत्रूपुढे तो अपुरा पडतो. हा फरक समजून घ्यायला मुंबईत माहीमला असलेल्या हिंदुजा रुग्णालयातून आलेले दोन शोधनिबंध शेजारी शेजारी ठेवावेत. दोन्हींमध्ये दोनच वर्षांचं अंतर आहे आणि दोन्हींच्या लेखकांत सूक्ष्मजीवतज्ज्ञ डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज यांचं नाव आहे.

त्यातला नंतरचा निबंध आधी घेऊ, कारण तो जास्त गाजला. 2011 संपता संपता डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार क्षयरुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेल्या कुठल्याही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. देशभर खळबळ उडाली. ‘संपूर्ण औषधरोधी’ हा शब्द सरकारला रुचला नाही, त्यावर वाद झाला. त्या वादात या जंतूची एक महत्त्वाची गोष्ट मागे पडली. क्षयाचा जंतू एकलकोंडा आहे. शेजाऱ्याकडून तो जनुकं घेत नाही आणि जनुकं वाहून नेणारी प्लास्मिड नावाची डीएनएची कडीही (त्यांच्याविषयी पुढे येईल) त्याच्याजवळ नसतात. त्याचा सगळा प्रतिरोध स्वतःच्या गुणसूत्रात, नक्कल उतरवताना झालेल्या चुकांमधून येतो. क्षयावरच्या रिफाम्पिसिन या औषधाला निष्प्रभ करणारी चूक दहा कोटी विभाजनांत एखाद्या वेळी होते, कदाचित त्याहूनही विरळ. पण फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णात जंतूंची संख्याच दहा कोटींच्या घरात जाते, म्हणजे असा एखादा चुकार जंतू तिथे आधीपासून असण्याची दाट शक्यता असते. एकाच जंतूत चार वेगवेगळ्या चुका एका वेळी होण्याची शक्यता मात्र जवळपास शून्य. म्हणून क्षयाला एकदम चार औषधं देतात आणि म्हणूनच उपचार अर्धवट सोडणं तिथे घातक ठरतं. औषध सोडलं, उरलेसुरले वाढले, पुढची चूक घडायला अवसर मिळाला. बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला, असा हा वारसा सरळ खाली उतरत जातो.

आता दुसरा निबंध. तो मार्च 2010 मध्ये भारतीय फिजिशियनांच्या संघटनेच्या नियतकालिकात आला आणि डॉक्टरांबाहेर फारसा कुणी वाचला नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबर 2009 या काळात हिंदुजाच्या प्रयोगशाळेत आतड्यातल्या जिवाणूंच्या कुळातले 24 नमुने असे निघाले, की कार्बापेनेम गटाची औषधं त्यांच्यावर चालत नव्हती. मेरोपेनेम आणि इमिपेनेम ही या गटातली औषधं. अतिदक्षता विभागात बाकी उपाय थकले की डॉक्टर ज्यांच्याकडे वळतात, ती हीच. त्या 24 पैकी 22 नमुन्यांत एनडीएम-1 नावाचं विकर तयार करणारं जनुक होतं.

मला या निबंधात 22 या आकड्यापेक्षा त्यामागची यादी जास्त बोलकी वाटते. दहा क्लेबसिएला, नऊ ई. कोलाय, दोन एन्टेरोबॅक्टर आणि एक मॉर्गनेला. हे चार वेगवेगळे जिवाणू आहेत, एका मोठ्या कुळातले पण सख्खे नव्हेत. क्षयासारखी गोष्ट असती तर एकाच जंतूची पिलावळ सापडली असती. चौघांच्या घरी नेमकं तेच जनुक, अक्षरन् अक्षर सारखं, स्वतंत्र चुकांमधून निर्माण होणं शक्य नाही. ते कुणीतरी कुणाला तरी दिलेलं होतं.

ही देवघेव कशी चालते हे सांगायला सीपरी बाजाराच्या जवळच सोय आहे. झाशी हे मोठं जंक्शन आहे आणि वाघिणी दुरुस्त करण्याचा रेल्वेचा जुना कारखाना तिथे आहे. मालगाडीत माल वाघिणीत भरलेला असतो. वाघीण एका गाडीतून सोडवून दुसऱ्या गाडीला जोडता येते आणि गाडी या स्टेशनातून त्या स्टेशनात जाते. जिवाणूंच्या जगात स्टेशन म्हणजे एकेक जिवाणू आणि माल म्हणजे प्रतिरोधाचं जनुक. त्या जनुकाला दोन्ही बाजूंनी धरून एका डीएनएमधून दुसऱ्यात उडी मारणारा तुकडा म्हणजे ट्रान्सपोझॉन, ही झाली वाघीण. मुख्य गुणसूत्राबाहेर राहणारं, स्वतःची नक्कल स्वतः काढणारं डीएनएचं कडं म्हणजे प्लास्मिड, ही गाडी. कुठल्या गाडीला कुठली वाघीण लागेल हे ठरवणारा स्टेशनमास्तर मात्र इथे कुणीच नाही.

प्लास्मिडचा प्रवास असा होतो. ज्याच्याजवळ ते आहे तो जिवाणू एक बारीक नळीसारखा तंतू बाहेर काढून शेजाऱ्याला पकडतो आणि जवळ ओढतो. मग प्लास्मिडच्या दोन धाग्यांपैकी एक पलीकडे सरकतो आणि दोन्हीकडे जोडधागा नव्याने विणला जातो. काही मिनिटांत एकाचे दोन मालक होतात. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, म्हणून याला देवघेव तरी कसं म्हणावं! शेजारी त्याच जातीचा असावा लागत नाही. अनेक प्लास्मिडांना लांबच्या कुळातले जिवाणूही चालतात.

यापेक्षा वेगळ्या वाटाही आहेत. जिवाणूंवर जगणारे विषाणू कधीकधी एका यजमानाचा डीएनए चुकून दुसऱ्यात नेऊन टाकतात. काही जिवाणू मेलेल्या शेजाऱ्याचा डीएनए सरळ गिळतात. इंटिग्रॉन नावाची आणखी एक रचना आहे, जिच्यात सुटी जनुकं एकामागोमाग एक येऊन बसतात आणि सगळ्यांची कळ एकाच जागेवरून दाबली जाते. रुग्णालयांच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोठी डोकेदुखी म्हणजे ट्रान्सपोझॉन आणि प्लास्मिड यांची जोडगोळी.

ही जोडगोळी पहिल्यांदा लक्षात आली ती जपानमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे शिगेलाच्या हगवणीच्या साथी येत होत्या. 1950 च्या दशकात डॉक्टरांना असे रुग्ण दिसू लागले की ज्यांच्या जंतूंवर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही चारही औषधं एकदम निकामी होती. चार चुका एकाच वेळी? क्षयाच्या हिशेबाने हे अशक्य. त्याहून चमत्कारिक म्हणजे त्याच रुग्णांच्या आतड्यातला साधा ई. कोलायही त्याच चार औषधांना जुमानत नसे. 1959 मध्ये तोमोइचिरो आकिबा आणि कुनितारो ओचिआइ यांनी, स्वतंत्रपणे काम करून, हे दोन जिवाणू एकत्र वाढवले की प्रतिरोध एकातून दुसऱ्यात जातो हे दाखवलं. हे संशोधन जपानीत छापलेलं असल्यामुळे पाश्चात्त्य जगाला त्याचा पत्ता नव्हता. 1963 मध्ये त्सुतोमु वातानाबे यांनी इंग्रजीत सविस्तर आढावा लिहिला तेव्हा पाश्चात्त्यांचे डोळे उघडले.

मग प्रश्न असा की या गाड्या आपल्या औषधांमुळे निर्माण झाल्या का? याचं सुरेख उत्तर 1983 मध्ये लंडनच्या नाओमी दत्ता आणि व्हिक्टोरिया ह्यूज यांनी दिलं. मरे नावाच्या एका जिवाणूशास्त्रज्ञाने 1917 ते 1954 या काळात जगभरातून जमवलेले शेकडो जिवाणू जपून ठेवलेले होते. म्हणजे बव्हंशी प्रतिजैविकांचा वापर सुरू होण्याआधीचे. दत्ता आणि ह्यूज यांनी ते जागे करून तपासले. त्यातल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्यात फिरती प्लास्मिडं होती, पण त्यांच्यात प्रतिरोधाचं जनुक जवळपास नव्हतंच. दुसरीकडे, कॅनडातल्या 30,000 वर्षं गोठलेल्या मातीत पेनिसिलिनच्या कुळातली औषधं आणि टेट्रासायक्लिन निकामी करणारी जनुकं सापडल्याचं 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. माल प्राचीन, गाड्याही प्राचीन. माणसाने गेल्या ऐंशी वर्षांत एवढंच केलं की तो माल गाडीत चढण्याला प्रचंड किंमत आणून दिली.

एनडीएम-1 हे जनुक स्वतःच याचा नमुना आहे. त्याच्या सुरुवातीचा छोटा तुकडा अमिकासिनसारख्या वेगळ्याच औषधाला रोधणाऱ्या दुसऱ्या एका जनुकाचा आहे आणि उरलेला भाग आणखी कुठूनतरी आलेला. ही जुळणी बहुधा अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाच्या जिवाणूत झाली आणि तिथून आयएसएबीए-125 या उडी मारणाऱ्या तुकड्याने ते उचललं. त्या तुकड्याने आणखी एक काम केलं. जनुक चालू करणारी कळही त्याने बरोबर आणली, त्यामुळे जनुक जिथे जाईल तिथे लगेच कामाला लागतं. विकर तयार होतं, त्याच्या गाभ्यातले जस्ताचे अणू औषधाच्या रेणूतलं चौकोनी कडं फोडतात आणि मेरोपेनेम संपतं.

हे विकर पहिल्यांदा ओळखलं गेलं स्वीडनमध्ये. डिसेंबर 2007 मध्ये मूळच्या भारतीय पण स्वीडनमध्ये स्थायिक झालेल्या 59 वर्षांच्या एका गृहस्थांवर आधी लुधियान्यात आणि मग नवी दिल्लीत उपचार झाले. जानेवारी 2008 मध्ये ते स्वीडनला परतले, तेव्हा त्यांच्या लघवीत हे विकर तयार करणारा क्लेबसिएला मिळाला. पुढे त्यांच्या विष्ठेतल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक निघालं, पण वेगळ्या आकाराच्या प्लास्मिडवर. एकाच माणसाच्या पोटात जनुकाने जिवाणूही बदलला होता आणि वाहनही. लुधियाना, दिल्ली, झाशी, भुसावळ, मनमाड करत पुण्याला येणाऱ्या झेलम एक्स्प्रेसने आपल्यापैकी अनेकांनी प्रवास केला असेल. या जनुकालाही विमानाचीच गरज होती असं नाही.

ऑगस्ट 2010 मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात चेन्नई, हरियाणा आणि ब्रिटनमधल्या नमुन्यांचा मोठा अभ्यास आला आणि विकराच्या नावात ‘नवी दिल्ली’ असल्यावरून आपल्याकडे संसदेपर्यंत गदारोळ उठला. वैद्यकीय पर्यटन बुडवायचा हा कट आहे असंही बोललं गेलं. जानेवारी 2011 मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी शहराचं नाव देण्याबद्दल माफी मागितली. नाव देणं अनुचित होतं हे मलाही मान्य आहे. पण माहीमच्या डॉक्टरांनी पाच महिने आधी, आपल्याच देशात, आपल्याच नियतकालिकात 22 नमुने मोजून दाखवले होते, तेव्हा संसद शांत होती.

वाद चालू असताना कार्डिफचे टिमोथी वॉल्श आणि सहकारी दिल्लीच्या पाण्याकडे वळले होते. त्यांनी नळाच्या पाण्याचे 50 आणि रस्त्याकडेला साचलेल्या किंवा वाहणाऱ्या पाण्याचे 171 नमुने तपासले. नळाच्या दोन नमुन्यांत आणि साचलेल्या पाण्याच्या 51 नमुन्यांत एनडीएम-1 चं जनुक मिळालं. शिगेला आणि पटकीचा जंतू यांच्यातही ते पोचलेलं होतं. प्रयोगशाळेत पाहिलं तेव्हा हे प्लास्मिड 25 किंवा 37 अंश सेल्सिअसपेक्षा 30 अंशांना जास्त सहज हस्तांतरित होत होतं. 37 अंश हे माणसाच्या शरीराचं तापमान. 30 अंश हे दिल्लीतल्या, झाशीतल्या किंवा नागपुरातल्या गटाराचं, वर्षातले बरेच महिने. म्हणजे ही हालचाल होण्यासाठी रुग्णालयाची किंवा रोग्याचीही गरज नाही. पुढे 2019 मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या मातीतही हे जनुक सापडलं.

इथून मागे वळून ‘कोर्स पूर्ण करा’ या सल्ल्याकडे पाहू. तो क्षयासाठी शंभर टक्के खरा आहे आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध मनाने मध्येच बंद करू नये हेही खरंच. पण जिथे प्रतिरोध फिरता आहे तिथे प्रश्न तुम्ही कोर्स पूर्ण केला की नाही एवढाच उरत नाही. मुळात तो हवा होता का, हा पहिला प्रश्न. विनाकारण घेतलेला कोर्स कितीही शिस्तीत पूर्ण केला, तरी आतड्यातल्या सोसणाऱ्यांची वाढ तो करणारच. पूर्ण कोर्स म्हणजे उलट अधिक दिवसांचा दाब.

आणखी एक खोच आहे. एका प्लास्मिडवर बहुधा अनेक औषधांचा प्रतिरोध एकत्र बसलेला असतो. एक औषध वापरलं की बाकीच्यांचा प्रतिरोधही फुकटात टिकतो. त्यामुळे ‘मेरोपेनेम तर मी कधी घेतलंच नाही’ या म्हणण्याला फारसा अर्थ राहत नाही. शिवाय पुष्कळ प्लास्मिडं आपल्यासोबत एक टिकाऊ विष आणि एक अल्पायुषी उतारा तयार करणारी जनुकं बाळगतात. विभाजनात एखाद्या पिल्लाला प्लास्मिड मिळालं नाही, तर उतारा संपतो, विष उरतं आणि ते पिल्लू मरतं किंवा वाढायचं थांबतं. जिवाणूला ओझं झालं तरी ते सहजासहजी टाकता येत नाही.

तरी कधीकधी ओझं उतरतं. 1972 मध्ये केरळात कालिकतला टायफॉइडची साथ आली, तेव्हा जंतूंमध्ये क्लोरॅम्फेनिकॉलला रोधणारं, फिरतं जनुक सापडलं. पुढे ते औषध मागे पडलं आणि काही दशकांनी भारतातले टायफॉइडचे बहुतेक जंतू क्लोरॅम्फेनिकॉलला पुन्हा दाद देऊ लागले. आशा वाटावी अशी ही गोष्ट आहे, पण अर्धीच. 2016 च्या अखेरीस पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत टायफॉइडच्या जंतूने एक नवं प्लास्मिड मिळवलं आणि सेफट्रायाक्सोन हे आपलं भरवशाचं इंजेक्शन एका फटक्यात बाद झालं. मुंबईतही सेफट्रायाक्सोनला न जुमानणारे टायफॉइडचे काही जंतू मिळाले आहेत आणि तिथेही कारण प्लास्मिडच आहे.

उपाय म्हणून लोक पहिल्यांदा नव्या औषधाचं नाव घेतात. नवी औषधं हवीतच. एनडीएमला अ‍ॅझट्रिओनाम हे जुनं औषध फोडता येत नाही, पण त्याच जिवाणूत असलेली इतर विकरं ते फोडतात. म्हणून त्यांना रोखणारं अ‍ॅव्हिबॅक्टाम त्याच्या जोडीने देतात. युक्ती चांगली आहे, पण महाग आहे, आणि तिच्यावर मात करणारा माल आज ना उद्या कुठल्यातरी वाघिणीत चढेलच. कायद्याचं म्हणाल तर 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू आहे. त्यातली प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंदवही दुकानदाराने तीन वर्षं ठेवायची आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये चीनमधून कॉलिस्टिन या प्रतिजैविकाचा फिरता प्रतिरोध जाहीर झाला, डुकरांमध्ये आणि माणसांमध्येही. त्यानंतर जुलै 2019 मध्ये भारताने पशुखाद्यासाठी आणि कोंबड्यांच्या वाढीसाठी कॉलिस्टिन वापरायला बंदी घातली. हे निर्णय योग्यच होते. अंमलबजावणीबद्दल इथे लिहीत बसलो तर वेगळा लेख होईल.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय औषधांच्या दुकानापासून लांब आहे. आपल्याकडच्या हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रिया होऊन बाहेर पडत होतं, त्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचं 2007 मध्ये स्वीडिश संशोधकांनी दाखवलं. अशा पाण्यात फिरती जनुकं नाही वाढली तरच नवल. सांडपाणी नीट शुद्ध झालं, पिण्याचं पाणी आणि गटार यांच्या वाहिन्या एकमेकींत मिसळल्या नाहीत, रुग्णालयात दोन खाटांच्या मध्ये हात धुतले गेले, तर जिवाणूंना एकमेकांना भेटायची जागाच कमी होते. आणि जो आजारी पडत नाही त्याला प्रतिजैविक लागत नाही. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची नवी संयुग्मित (कॉन्ज्युगेट) लस दिली, ती याच हिशेबाने. भारतात सरकारी यंत्रणेने ही लस अशी मोठ्या प्रमाणावर देण्याची ती पहिली वेळ होती.

तेव्हा घसा धरल्यावर डॉक्टरांना ‘अँटिबायोटिक द्या’ म्हणू नका, ‘खरंच लागेल का?’ असं विचारा. लागलं तर सांगितलेलं पुरतं घ्या, उरलेली पट्टी शेजाऱ्याला देऊ नका. आणि तुमच्या नगरपालिकेचा अर्थसंकल्प जाहीर होईल तेव्हा सांडपाणी शुद्धीकरणासाठी किती रक्कम ठेवली आहे, हे आपल्या नगरसेवकाला जरूर विचारा.